आरोग्याच्या गोष्टी : डोळ्यांपुढचे धुके

गडचिरोली जिल्ह्यातील आलापल्ली हे गाव सागवानासाठी सर्वांना ठाऊक आहे. तेथील सरकारी लाकूड-डेपोत ओंडक्यांच्या तोंडावर हातोड्याचा छाप आणि आकडे असतात. तो आकडा दहा पावलांवरून वाचणाऱ्या गृहस्थांना हातातली पावती लांब धरावी लागली, म्हणजे चाळिशी लागली एवढेच समजावे. उलट पावती स्वच्छ आणि आकडा पुसट, तर ती लघुदृष्टी. दोहोंवर चष्मा आहेच. उतारवयात डोळ्यातील भिंगच गढूळ होत जाते, तो मोतीबिंदू. तो काढून कृत्रिम भिंग बसवितात, आणि तो 'पिकेपर्यंत' थांबण्याचे आता कारण उरलेले नाही.

ही दुखणी सावकाश येतात, म्हणून चार आठवडे इकडेतिकडे झाले तरी चालते. घोटाळा होतो तो अंधुक दिसणे म्हणजे नंबर वाढणे असे सरसकट धरून चालल्यामुळे. घरात कोणी अशी तक्रार केली तर प्रथम विचारावे, केव्हापासून? एका डोळ्याला की दोन्ही? दुखते आहे काय?

दिवाळीच्या सुमारास आलापल्लीच्या आसपास धानाची कापणी सुरू असते. कापताना किंवा मळताना लोंबीचे कुसळ डोळ्यात जाते, बुबुळावर बारीकसा ओरखडा उठतो. माणूस डोळा चोळतो आणि पुन्हा विळा हातात घेतो. हातचे पीक टाकून कोण जाणार? पण कुसळाबरोबर बुरशी आत गेलेली असते. दोनचार दिवसांनी डोळा लाल, पाणी गळते, उजेड सोसत नाही, आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. ती जखम बरी झाली तरी मागे फूल राहते, आणि ते बाहुलीसमोर असले तर नजर कायमची धूसर होते.

नेपाळात भक्तपूर येथे गावच्या आरोग्यसेवकांनी असे ओरखडे हुडकून त्यांवर तीन दिवस साधे जंतुनाशक मलम लावले. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत, अठरा तासांच्या आत मलम सुरू झालेल्या एकाही डोळ्यात पुढे व्रण झाला नाही. एक दिवस उलटून गेल्यावर आलेल्या एकोणपन्नासजणांपैकी मात्र चौदाजणांना झाला. आलापल्लीहून अहेरीचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे, पण गडचिरोली शंभर किलोमीटरहून दूर. तेव्हा तेथला एक दिवस कसा निसटतो हे समजण्यासारखे आहे. शहरात दवाखाना गल्लीच्या तोंडाशी असतो, आणि तरी सणासुदीत कशाला म्हणून आपण भाऊबीज उलटू देतो!

त्यातून औषधाच्या दुकानातून 'लाल डोळ्याचे थेंब' आणण्याची खोड. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. लाली झटकन उतरते, रोगी खूश होतो, आणि आत बुरशी फोफावते. हेच थेंब महिनोन् महिने घातले तर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदूही होऊ शकतो. दूध, मध, पाल्याचा रस हेही डोळ्यात नको.

काही अंधुकपणा तासांच्या हिशेबात मोजावयाचा असतो. दिव्याभोवती रंगीत कडी दिसून डोळा व कपाळ ठणकू लागले आणि उलट्या झाल्या, तर पित्त म्हणून सोडा पाजीत बसू नये; तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. विजेसारखे चमकणे, अचानक काळे ठिपके, मग बाजूने पडदा ओढल्यासारखे होणे, हे दृष्टिपटल सुटण्याचे लक्षण. एका बाजूचे दिसेनासे झाले आणि तोंड वाकडे झाले किंवा जीभ अडखळली, तर दुखणे मेंदूचे आहे.

मधुमेही मंडळींनी फराळानंतर नजर बदलली म्हणून नवा चष्मा करू नये. साखर वरखाली झाली की भिंग फुगते, नंबर फिरतो. साखर काही आठवडे ताब्यात राहिल्यावरच नंबर काढावा. दृष्टिपटल मात्र दर वर्षी तपासून घ्यावे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रोगी आहेत, त्यांनाही हेच सांगणे, कारण दृष्टिपटलातील बारीक रक्तवाहिन्या तुंबल्याचे आरंभी कळत नाही. क्षयावरील इथॅम्ब्युटॉल घेणाऱ्याला लाल-हिरवा रंग फिका वाटू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. सगळी औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

राहता राहिले फटाके. डोळ्याला मार बसला तर चोळू नये, दाबू नये, काही घालू नये. स्वच्छ वाटी कडेच्या हाडावर टेकेल अशी पालथी धरून थेट रुग्णालय गाठावे. पानाचा चुना उडाला असेल तर मात्र उलट: जागच्या जागी पाण्याची धार धरावी, पापणी उलटून आतले कण धुऊन काढावेत, अर्धा तास तरी ती धार थांबवू नये, आणि मगच निघावे.