खडक पाहून शेतीचा सल्ला द्यावा

एका जिल्ह्यात यशस्वी झालेला उपाय दुसऱ्या जिल्ह्यात जसाच्या तसा उचलला जातो, आणि तो फसला म्हणजे दोष बियाण्यास, खतास अथवा शेतकऱ्याच्या आळसास दिला जातो. आमच्या मते दोष पुष्कळदा वेगळाच असतो. आपल्या शेताची माती कोणत्या खडकापासून आणि कोणत्या हवामानात तयार झाली, याचा विचारच झालेला नसतो.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो बनला. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस खडक हाच. माती मात्र अगदी भिन्न. याचे कारण पाऊस होय. हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातील खनिजे हळूहळू फोडते. रत्नागिरीकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथे चुना, मॅग्नेशियम, पालाश ही द्रव्ये धुपून जातात. लोह व ॲल्युमिनियम मागे उरतात आणि तांबडा जांभा तयार होतो. सोलापूर-अहिल्यानगरकडे पाऊस ५०० ते ७०० मिलिमीटर. तेथे ही द्रव्ये जागीच राहतात; पाण्याने फुगणारी, उन्हाने भेगाळणारी काळी चिकण माती बनते आणि खाली चुनखडीच्या गाठी साचतात.

हवामानाइतकेच महत्त्व खडकाच्या जातीस आहे. पूर्व विदर्भात भंडारा-गडचिरोलीकडे ग्रॅनाइट व नीस हे खडक आढळतात. त्यांतील फेल्डस्पारची चिकण माती होते. परंतु गारगोटी पाण्यास सहसा दाद देत नाही, ती वाळू म्हणून शिल्लक राहते. बेसाल्टमध्ये गारगोटी जवळजवळ नसतेच, म्हणून त्याची माती अधिक चिकण होते.

हा भेद व्यवहारात पैशाचा आहे. जांभ्याच्या आम्ल जमिनीस चुना देणे हिताचे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तोच खर्च वाया जातो. स्फुरद जांभ्यात लोह व ॲल्युमिनियम अडकवून ठेवतात, काळ्या जमिनीत चुना. बांधांचेही तसेच. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत समपातळी बांध उपयोगी पडतात. भारी काळ्या जमिनीत त्यांच्यामागे पाणी तुंबते, पीक पिवळे पडते आणि भेगांतून बांध फुटतो. तेथे जादा पाणी सावकाश बाहेर काढणारे ढाळीचे बांधच योग्य होत.

कोणी म्हणेल, २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका मिळत असता खडक पाहण्याचे प्रयोजन काय? पत्रिका अवश्य घ्यावी. परंतु ती वरच्या वीतभर थराची आजची स्थिती सांगते. खाली निचरा होईल की पाणी तुंबेल, हे खालचा थरच सांगतो.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिफारस करण्यापूर्वी शेतकऱ्यासमवेत शेतात कमरेइतका खड्डा खणावा. मातीची खोली मोजावी, खाली मुरूम, जांभा की वाळूसर थर आहे ते पाहावे. पांढऱ्या गाठी आढळल्यास एक कुटून तिच्यावर लिंबाचा रस पिळावा. फेस आला तर चुनखडी समजावी. या कामास पैसा लागत नाही, अर्धा दिवस लागतो. खडकाची बोटभर माती होण्यास शेकडो वर्षे लागतात. चुकीच्या बांधामुळे ती एका पावसात वाहून जाते. अर्धा दिवस वाचविण्यासाठी इतकी किंमत मोजणे कोणत्याही शेतकऱ्यास परवडणारे नाही.