अडथळे मैदानावरचे आणि मैदानाबाहेरचे

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा यांचे पदक एका शतांश सेकंदाने हुकले, ही हळहळ अजून ओसरलेली नाही. परंतु चारशे मीटर अडथळ्यांची ती शर्यत स्त्रियांसाठी ऑलिंपिकमध्ये त्याच वर्षी प्रथम आली, याची आठवण क्वचितच कोणी काढतो. पुरुषांसाठी ती १९०० सालीच झाली होती. शतांश सेकंदाइतकाच या चौऱ्याऐंशी वर्षांचाही हिशेब व्हावा, असे आम्हांला वाटते.

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना प्रवेशच नव्हता. फ्रान्सच्या अॅलिस मिलिया यांनी १९२१ मध्ये स्त्रियांचा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघ स्थापिला, पुढच्याच वर्षी पॅरिसला सामने भरविले, तेव्हा कोठे दडपण आले. १९२८ मध्ये अॅम्स्टरडॅमला स्त्रियांच्या पदरात पाच मैदानी प्रकार पडले. त्यांतील आठशे मीटरची शर्यत जर्मनीच्या लीना राडके यांनी २ मिनिटे १६.८ सेकंदांचा जागतिक विक्रम करून जिंकली. शर्यतीअंती काही जणी थकून मैदानावर आडव्या झाल्या आणि वृत्तपत्रांनी काहूर माजविले. अंतिम फेरीत धावलेल्या नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली असताना, कित्येकींनी ती अर्ध्यावर सोडल्याचे छापून आले. पुरुष कोसळला तर तो पराक्रम, स्त्री कोसळली तर ती दुर्बलता! परिणामी ही शर्यत रद्द झाली आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत दोनशे मीटरहून लांबची एकही शर्यत स्त्रियांच्या वाट्याला आली नाही. एका खोट्या बातमीची किंमत बत्तीस वर्षे! आमच्याच व्यवसायाचे हे पाप आहे. ते कबूल करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

तीन हजार मीटर स्टीपलचेस स्त्रियांसाठी खुली झाली ती थेट २००८ मध्ये. आठच वर्षांनी सातारा जिल्ह्यातील मोही गावच्या ललिता बाबर रिओ येथे त्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. दार उघडले की दुष्काळी माणदेशातील मुलगीही तेथवर पोहोचते, याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

नियमांतील अडथळे आता बहुतेक दूर झाले आहेत. घरातले आणि शाळेतले मात्र उभेच आहेत. मुलगी नववी-दहावीत गेली की तिचे मैदान सुटते, आणि कारण तेच जुने सांगितले जाते : तिला झेपणार नाही. काय झेपते ते तिला धावूनच ठरवू द्यावे, एवढेच आमचे पालकांना व शिक्षकांना सांगणे आहे.