कायद्याची धार आणि राज्यांची जबाबदारी

१२ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आसामपुरता लागू असलेला १९८३ चा अवैध स्थलांतरित (न्यायाधिकरणांद्वारे निर्धारण) कायदा घटनाबाह्य ठरवला. सर्बानंद सोनोवाल यांच्या याचिकेवरील त्या निकालाचे स्मरण आजही आवश्यक आहे, कारण घुसखोरीच्या प्रश्नाचे मर्म त्यात नोंदवलेल्या दोन आकड्यांत सामावले आहे. या कायद्याखाली ३० जून २००१ पर्यंत आसामातून बाहेर घालवले गेले ते अवघे १,४९४ घुसखोर. याउलट, १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याखाली पश्चिम बंगालमधून १९८३ ते नोव्हेंबर १९९८ या काळात परत पाठवलेल्या बांगलादेशींची संख्या ४,८९,०४६ होती. सीमा त्याच देशाची, दिल्लीतील सरकारही तेच. फरक होता तो कायद्याच्या धारेचा.

१९४६ च्या कायद्यानुसार आपण परकीय नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी संबंधित व्यक्तीवर होती. आसामात मात्र ती तक्रारदारावर आणि शासनावर टाकण्यात आली. कागदपत्रे ज्याच्यापाशी असायची त्याने गप्प बसावे आणि ज्याच्यापाशी ती नाहीत त्याने ती शोधावीत, अशी ही उफराटी रचना होती. मतदारयाद्यांतील परकीयांच्या नावांवरून १९७९ मध्ये पेटलेले आसाम आंदोलन ऐन भरात असताना हा कायदा आला, यावरून मतपेढीच्या राजकारणाची लांबी मोजता येते. न्यायालयाने घटनेच्या ३५५ व्या कलमाचा दाखला देऊन बाह्य आक्रमणापासून राज्याचे रक्षण करण्याच्या कर्तव्याची केंद्राला जाणीव करून दिली. तरीही अधिसूचनेच्या वाटेने तीच तरतूद परत आणण्याचा प्रयत्न २००६ मध्ये झाला. तोही डिसेंबर २००६ मध्ये न्यायालयानेच हाणून पाडला.

नागरिकत्व आणि परकीयांची हकालपट्टी हे केंद्रसूचीतील विषय आहेत, हे खरे. परंतु पोलीस राज्यांचे, महसुली दप्तर राज्यांचे आणि जन्माचा दाखला देणारा अधिकारीही राज्याचाच. घुसखोर सीमा ओलांडतो तेव्हा त्याची गाठ सीमा सुरक्षा दलाशी पडते. तो नागरिक म्हणून मिरवू लागतो तेव्हा मात्र त्याला लागणारा कागद तालुक्याच्या कचेरीतून मिळालेला असतो. म्हणूनच ही लढाई जिंकली वा हरली जाते ती राज्यांच्या कचेऱ्यांत.

आसामचा पुढील अनुभवही हेच सांगतो. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नागरिक नोंदवहीतून १९,०६,६५७ अर्जदार वगळले गेले. अनेक खरे नागरिक बाहेर राहिले आणि अनेक घुसखोर आत आले, असे आक्षेप खुद्द राज्य सरकारनेच घेतले. दप्तरच कच्चे असेल, तर त्यावर उभारलेली यादी पक्की कशी होणार? १७ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आसामातून हकालपट्टीसंबंधीच्या १९५० च्या कायद्याचाही वापर व्हावा, असे म्हटले. सप्टेंबर २०२५ मध्ये आसामच्या मंत्रिमंडळाने त्यासाठी कार्यपद्धती मंजूर केली. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेपासून देशभर इमिग्रेशन व परकीय नागरिक कायदा, २०२५ लागू झाला. आता कायदा नाही, ही सबब कोणत्याही राज्याला सांगता येणार नाही.

महाराष्ट्राने यातून दोन धडे घ्यावयाचे आहेत. पहिला दप्तराचा. २०२३ च्या दुरुस्तीने विलंबित जन्मनोंदणीचा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडून महसुली यंत्रणेकडे आला. त्यानंतर मालेगाव, अमरावती आदी ठिकाणी अपुऱ्या पुराव्यांवर दाखले दिल्याच्या तक्रारी झाल्या. २०२५ च्या आरंभी राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले आणि नियम कडक करावे लागले. तिजोरीला कुलूप लावण्यापूर्वी किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत हे पाहायचे असते.

दुसरा धडा अधिक नाजूक आहे. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या, पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशच्या हद्दीत पाठवले गेले. ते भारतीय असल्याचे निष्पन्न झाल्यावर त्यांना परत आणावे लागले. बांगला बोलणारा प्रत्येक मजूर घुसखोर नव्हे. ती रवींद्रनाथांची आणि श्यामाप्रसादांचीही भाषा आहे. एका नागरिकाला चुकून सीमेपार ढकलले, तर त्याच्या घरावर आकाश कोसळतेच, शिवाय घुसखोरांच्या पाठीराख्यांना आयतेच हत्यार मिळते. ज्या भूमीवरील आपल्याच पुत्राला आपण ओळखू शकत नाही, तिच्या रक्षणाचा दावा तरी कोणत्या तोंडाने करायचा?

म्हणून कठोरपणा आणि काटेकोरपणा एकत्र नांदले पाहिजेत. प्रशिक्षित पोलीस पथके, कागदपत्रांची मूळ राज्याकडून मुदतीत पडताळणी, सुनावणीची संधी आणि खोटा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा, हा क्रम राज्यांनी पाळावा. समाजाचेही कर्तव्य आहे. घर भाड्याने देताना, कामावर माणूस ठेवताना ओळखपत्र पाहावे. संशय आल्यास पोलिसांना कळवावे आणि निवाडा कायद्यावर सोपवावा. राष्ट्राच्या सीमा जवान राखतात. नागरिकत्वाची सीमा दप्तरातील प्रामाणिक नोंद आणि जागरूक समाज यांनीच राखायची आहे.