अध्यक्षपद एका वर्षाचे, चळवळ कायमची

गेल्या ३० जूनला मी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावच्या सेवाभावी क्लबच्या अध्यक्षपदावरून पायउतार झालो. गळ्यातील कॉलर काढून नव्या अध्यक्षांच्या गळ्यात घातली, टाळ्या झाल्या आणि पुढच्या बैठकीला मी तिसऱ्या रांगेत बसलो. कोणी रुसले नाही, कोणी फुटले नाही, कोणी समांतर क्लब काढला नाही. तेव्हापासून एक प्रश्न मनात सलतो आहे. तो आज समाजापुढे मांडतो.

मी हे पद घेतले तेव्हा वस्तीतील एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला रस्त्यात अडवले होते. "वकीलसाहेब, तुम्हीबी गेलात व्हय त्यांच्यात?" त्यांचा राग खोटा नव्हता. अशा क्लबांत व्यापारी, डॉक्टर, ठेकेदार यांचा भरणा असतो. तेथील वर्गणी मजुराला परवडत नाही. पाच वह्या वाटायच्या आणि पन्नास फोटो काढायचे, हेही घडते. वाटपाच्या रांगेत मात्र बहुतेक वेळा आपलाच माणूस उभा असतो. वह्यांच्या वाटपाने शिष्यवृत्तीचा हक्क मिळत नाही, हे मी विसरलेलो नाही. तरीही मी गेलो. रांगेत उभ्या राहणाऱ्या समाजातील माणसाने एकदा टेबलाच्या पलीकडे बसून कारभार पाहावा, असे मला वाटले.

त्याचा उपयोग झाला. क्लबचे महिला आरोग्य शिबीर दरवर्षी जानेवारीत व्हायचे. जानेवारीत आपल्या जिल्ह्यातील वाड्या, वस्त्या, तांडे ओस पडलेले असतात. ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले असतात. ज्या बाईला तपासणीची सर्वांत जास्त गरज, तीच गावात नसते! २०१९ साली बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमावी लागली. तरीही शिबिराची तारीख कोणाला खटकली नव्हती. कारण तारीख ठरवणाऱ्यांपैकी कोणाच्याही घरातले माणूस फडावर जात नव्हते. मी शिबीर सप्टेंबरात आणले आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहून घेतला. आज मी अध्यक्ष नाही, पण नव्या अध्यक्षांनीही शिबिरासाठी सप्टेंबरच धरला आहे. माणूस उठून गेला तरी ठराव जागेवर राहतो, त्यालाच संघटना म्हणायचे.

रोटरी १९०५ साली शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने सुरू केली. सुरुवातीला सभासदांच्या कचेऱ्यांत पाळीपाळीने बैठका होत, त्यावरून रोटरी हे नाव पडले. आज रोटरी असो वा लायन्स, सर्वसाधारणपणे १ जुलैला अध्यक्ष खुर्चीवर बसतो आणि ३० जूनला उठतो. एका वर्षात काय काम होणार, असे कोणी विचारील. रोटरीने पोलिओ निर्मूलनाचे काम १९८५ साली हाती घेतले. पुढे जागतिक अध्यक्ष दरवर्षी बदलत गेले, पण काम थांबले नाही. शासन आणि लाखो आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कष्टांना त्याची साथ मिळाली. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळलेला रुग्ण भारतातील शेवटचा ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. अध्यक्ष बदलल्याने काम बुडते, हा समज किती खोटा आहे!

आता आपल्याकडे पाहू. किती विहार समित्यांचे, किती जयंती मंडळांचे अध्यक्ष पाच-पाच, दहा-दहा वर्षे तेच आहेत? तरुण हिशोब मागतो, तेव्हा त्याला समाजद्रोही ठरवले जाते. मग तो दुसरी समिती काढतो. एकाच विहाराचे दोन अध्यक्ष धर्मादाय कार्यालयात एकमेकांविरुद्ध अर्ज घेऊन उभे राहतात, आणि दोघांच्याही फायलीवर बाबासाहेबांचेच छायाचित्र असते. वकील म्हणून मी हे पुष्कळ पाहिले आहे. वकिलाची फी मिळते, पण समाजाची वर्षे जातात.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी राजकारणातील व्यक्तिपूजा अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा दिला होता. त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघाची आठवण करून दिली. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम संघाला ठाऊक होते आणि तो ते पाळत होता. तथागतांनी तर आपला वारसही नेमला नाही. धम्म हाच मार्गदाता राहील, असे सांगितले. हा वारसा सांगणाऱ्या आपल्याला खुर्ची सोडणे शिकायला क्लबात जावे लागावे काय?

हे बोट मी प्रथम स्वतःकडे वळवतो. आमच्या वस्तीच्या जयंती उत्सव समितीचा मी सलग ११ वर्षे अध्यक्ष आहे. "दुसरा लायक माणूसच नाही," असे मीही म्हणत आलो. पण लायकी येते कामातून, आणि काम तर मीच अडवून बसलो होतो. ज्या क्लबला मी परका, तेथे मी एका वर्षात उठलो. जी समिती माझी, तेथे ११ वर्षे उठलो नाही. याला आंबेडकरवाद म्हणत नाहीत.

म्हणून प्रत्येक समितीने काही साध्या गोष्टी कराव्यात. अध्यक्षपदाची मुदत एक वर्षाची, फार तर दोन वर्षांची ठेवावी. वर्गणीचा जमाखर्च वस्तीपुढे मोठ्याने वाचावा. वंदनेला पुढे आणि हिशोबाला मागे असलेल्या आपल्या भगिनींना अध्यक्षपदाची पाळी द्यावी. मावळत्या अध्यक्षाने रुसून घरी न बसता सतरंजी अंथरायला यावे. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर विश्वस्त बदलल्यापासून ९० दिवसांच्या आत बदल अर्ज दाखल करावा, म्हणजे पुढची भांडणे टळतील.

येत्या जयंतीच्या पहिल्याच बैठकीत मी राजीनामा ठेवणार आहे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत पुढे नवा अध्यक्ष असेल, आणि कदाचित ती आपली एखादी लेक असेल. मी मागे पाण्याच्या टँकरजवळ असेन. माझ्यासारखे जे वर्षानुवर्षे खुर्ची अडवून बसले आहेत, त्यांनीही उठावे. जयभीम!