ऐकलेली संहिता आणि आपला अभ्यास

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गाच्या तोंडी परीक्षेत एका विद्यार्थ्यास नेमलेल्या ग्रामीण कादंबरीविषयी प्रश्न केला असता तो म्हणाला, “सर, वाचलेली नाही, ऐकली आहे. रोज येता-जाता, गाडी चालवताना.” परीक्षक हसले, आणि गुणही त्या हसण्याच्या बेतानेच पडले. हसणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. मात्र कादंबरीतील सासू-सुनेच्या संवादांतले बोलीचे हेल आणि कोणत्या शब्दावर जोर दिल्याने शिवीचा लाड होतो, हे त्या विद्यार्थ्याने जसे सांगितले तसे पुस्तक वाचून आलेल्यांपैकी एकालाही सांगता आले नव्हते. याउलट, निवेदनातील काळ कोठे मागे सरकतो हे त्याला मुळीच सांगता येईना. ‘ऐकली आहे’ या उत्तराचे मोल काय धरावे, हा प्रश्न तेव्हापासून मनात घोळत आहे.

‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकाराने ‘द गार्डियन’मधील लेखात प्रथम योजला. २०१७ मध्ये ‘स्टोरीटेल’ भारतात आली ती मराठी पुस्तके घेऊनच. ‘मित्रम्हणे’, ‘अमुक तमुक’ यांसारख्या गप्पांच्या मालिकांना आज मोठा श्रोतृवर्ग आहे. पहाटे धावणारे आणि तासन्‌तास वाहन हाकणारे असे कितीतरी लोक, ज्यांच्या हाती एरवी पुस्तक आले नसते, ते मराठी गद्य कानाने घेत आहेत. (दुचाकीवर कानात यंत्र घालून ऐकणाऱ्यांचे समर्थन येथे अभिप्रेत नाही, तो जिवाशी खेळ आहे.)

या नव्या श्रवणास आपल्या परंपरेचा दाखला देऊन प्रतिष्ठा देण्याचा एक सोपा मार्ग आहे. कीर्तन, पोथीवाचन, जात्यावरची ओवी ही नावे घेतली की विषय संपला असे चर्चासत्रांतून वाटू लागते. हे साम्य फार ताणू नये असे माझे मत आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या प्रयत्नांतून संकलित झालेल्या लाखाहून अधिक ओव्या पाहिल्या तर काय दिसते? दळणारी बाई ऐकत नव्हती, ती गात होती. जात्याची फेरी आणि ओवीचा चरण यांची लय एकच होती. गाडी चालवणाऱ्याच्या हातापायांच्या हालचालींशी कानातल्या आवाजाचा असा काही संबंध नसतो. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून प्रसृत झालेली ‘गीतरामायणा’तील ५६ गीते घराघरांत एकाच वेळी, एकत्र बसून ऐकली गेली. आजचा श्रोता एकटा असतो आणि वेळही तोच ठरवतो. वॉल्टर ऑंग यांनी १९८२ मध्ये ‘ऑरॅलिटी अँड लिटरसी’ या ग्रंथात मुद्रणोत्तर काळातील ज्या ‘द्वितीय मौखिकते’ची चर्चा केली, तिच्यातही या एकटेपणाची पुरती सोय लागत नाही.

या श्रवणात काय हरवते आणि काय गवसते, हे संहितेगणिक वेगळे असते. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे जाताना मी एकदा पु. ल. देशपांडे यांच्याच आवाजातील ‘अंतू बर्वा’ लावले होते. लेख अनेकदा वाचलेला, शिकवलेलाही. साखरप्यापर्यंत रस्त्याचे भान ठेवून सर्व काही कानी पडत होते. अंतूच्या बोलण्यातील तिरकस, आखडते कोकणीपण छापील पानावर मला कधीच इतके स्पष्ट दिसले नव्हते. विरामचिन्हांना जे जमत नाही ते त्या एका आवाजाच्या थबकण्याने साधले होते. पुढे आंबा घाट लागला. वळणे, समोरून येणारे ट्रक, गिअर बदलणे यांत मध्यंतरीचा भाग निसटला, आणि पुन्हा कान लागला तो हशा ऐकून. कथाकथनाच्या ध्वनिमुद्रणात सभागृहाचे हे हसणेही मुद्रित झालेले असते. कोठे हसायचे हे ते आपल्याला सांगते. मुद्रित ‘अंतू बर्वा’ मात्र तसे सांगत नाही. तेथे विनोदाखालचा दारिद्र्याचा आणि एकटेपणाचा थर वाचकाला आपापल्या गतीने लागतो. दोन्हींचा कर्ता एकच, शब्दही बहुतांशी तेच. तरी अनुभव दोन आहेत.

म्हणून माझे म्हणणे असे की ध्वनिमुद्रित वाचन हे पुस्तकाचे सुलभ रूप नसून त्या संहितेचा एक अन्वयार्थ आहे. नाट्यप्रयोगाचा विचार करताना आपण नटाचे, दिग्दर्शकाचे नाव घेतो; श्राव्य कादंबरीच्या बाबतीत मात्र वाचणाऱ्याचे नावही विचारीत नाही. उपरोधाचे वाक्य सरळ वाचले गेले तर श्रोत्यापुरती ती कादंबरी बदलते, आणि घाटात असलेल्या श्रोत्याला मागे जाऊन पडताळणे शक्य नसते. गप्पांच्या मालिका वाहनात चांगल्या टिकतात त्या यामुळेच. बोलणारे एकच मुद्दा दोन-तीनदा घोळवतात, एखादे वाक्य सुटले तरी बिघडत नाही. घट्ट विणीच्या गद्याला ही सवलत नसते. वाहनात काय ऐकावे असे विद्यार्थी विचारतात, तेव्हा गप्पा, मुलाखती आणि आधी वाचलेली पुस्तके ऐका, असे मी सांगतो. न वाचलेली कादंबरी पहिल्यांदा रस्त्यावर ऐकू नये.

त्या विद्यार्थ्यास हसण्याऐवजी आम्ही विचारायला हवे होते की वाचन कोणाचे होते, संहिता संपूर्ण होती की संक्षिप्त, कोणता भाग परत ऐकला, आणि छापील प्रतीशी कोठे ताडून पाहिले. या प्रश्नांची उत्तरे देणारा विद्यार्थी निव्वळ सारांश पाठ करून येणाऱ्यापेक्षा निश्चितच उजवा ठरेल.

आमच्या विभागात लघुप्रबंधाच्या संदर्भसूचीत अशा ध्वनिमुद्रणांची नोंद घ्यावी, असे मी सुचवले आहे. तत्त्वतः कोणाचा विरोध नाही. नोंदीत आधी लेखकाचे नाव यावे की वाचणाऱ्याचे, यावर मात्र दोन बैठका झाल्या असून अद्याप एकमत झालेले नाही.