अंड्यात पाणी घालता येत नाही

‘डाळीत प्रोटीन असतेच की, मग अंडे कशाला?’ २०१९च्या जुलैत हा प्रश्न आमच्या भिलाईत मी ज्यांच्या ज्यांच्या तोंडून ऐकला, ते सगळे पोटभर जेवणारे होते.

शेजारच्या पाटणचे आमदार भूपेश बघेल तेव्हा छत्तीसगडचे मुख्यमंत्री. त्यांच्या सरकारने मध्यान्ह भोजनात अंडे आणले. न खाणाऱ्याला दूध किंवा त्याच तोडीचा पौष्टिक पदार्थ. तरी शाकाहारी कबीरपंथीयांनी विरोध केला, विरोधी पक्षाने विषय तापवला आणि सरकार नमले. पालकांची सहमती नसेल तिथे अंडी शाळेत शिजवायची नाहीत, घरी पोचवायची! गरिबाघरी पोचलेले अंडे त्याच मुलाच्या पोटात जाईल, याची हमी कोण देणार?

कोणाच्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. श्रद्धेला पोषणशास्त्राचा मुलामा देणाऱ्यांशी आहे.

प्राथमिक शाळेच्या ताटाचा सरकारी निकष १२ ग्रॅम प्रथिनांचा. १०० ग्रॅम तांदळातून साधारण ७ ग्रॅम, २० ग्रॅम डाळीतून साडेचार. म्हणजे निम्म्याहून जास्त प्रथिने भाताचीच. दल्ली-राजहऱ्याचे खनिज आले की आमचा पोलाद कारखाना नुसते टन मोजत नाही, त्यात लोह किती टक्के ते तपासतो. त्याच कारखान्यावर पोसलेले शहर मुलांच्या ताटातले ग्रॅम मोजून गप्प बसते, याचा मला संताप येतो.

आतडे निकष वाचत नाही. जठरातले आम्ल प्रथिनांची घडी उलगडते, पेप्सिन त्यांना तोडते, स्वादुपिंडाचे ट्रिप्सिन आणखी बारीक करते. मग लहान आतडे सुटी अमिनो आम्ले किंवा दोन-तीनांचे तुकडे शोषून घेते. न तुटलेले मोठ्या आतड्यातल्या जंतूंच्या वाट्याला. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८५च्या अहवालात अंड्याच्या प्रथिनांची पचनीयता ९७ टक्के आहे, पांढऱ्या तांदळाची ८८, घेवड्याची ७८. (शिजवलेले अंडे हं! १९९८च्या बेल्जियममधल्या प्रयोगात कच्च्या अंड्याची जेमतेम ५१ टक्के प्रथिने पचली. भिलाईच्या सुपेल्यात व्यायाम करून ग्लासभर कच्ची अंडी पिणाऱ्या पोरांनी हे वाचावे.)

शोषून झाले तरी प्रश्न संपत नाही. नऊ अमिनो आम्ले शरीराला पुरेशी बनवता येत नाहीत. त्यातले एक जरी कमी पडले तरी शरीराची बांधणी तेवढ्यावरच अडते. उरलेल्यांना साठवायला कोठार नाही; यकृत त्यांच्यातल्या नायट्रोजनचा युरिया करते आणि तो लघवीवाटे जातो. या नवांपैकी लायसिन भातात तोकडे, डाळीत भरपूर. मेथिओनिनचे नेमके उलटे. वरणभाताची जोडी म्हणूनच चोख, पण वरण दाट असेल तोवरच. पातेल्यात पाणी वाढले की पहिला मार लायसिनला बसतो. अंड्यात पाणी घालता येत नाही. सुमारे ६ ग्रॅम प्रथिने, नऊही आम्ले हव्या त्या प्रमाणात, कवचात बंद.

शाळेतच अंडे उकडू द्या. ज्याला नको त्याला तेवढीच प्रथिने द्या, म्हणजे साधारण २०० मिलिलीटर दूध, बिनपाण्याचे. केळ्यावर बोळवण करू नका. त्यात प्रथिने जेमतेम ग्रॅमभर.