आईला बाहेर का थांबवता?

बाळ दिवसांआधी, कमी वजनाचे जन्मले की ते काचेच्या पेटीत जाते. आई वेगळ्या वॉर्डात, बाप दाराबाहेर. आपल्यात बाळाच्या कानात अजान द्यायची असते, तीही दार उघडेपर्यंत राहून जाते. कारण सांगतात, जंतुसंसर्ग होईल.

ही भीती खोटी नाही; पण आईला दूर ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे का? १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. पुढे अनेक वर्षे ती बहुतेक ठिकाणी बाळ स्थिरावल्यानंतरच वापरली गेली. मग घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत (दिल्लीचे सफदरजंग) इथल्या पाच रुग्णालयांत आईची खाटच अतिदक्षता विभागात आणली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. १ ते १.८ किलोच्या बाळांत २८ दिवसांतले मृत्यू नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के, आईजवळ १२ टक्के. ज्याची भीती होती तो जंतुसंसर्गही आईजवळच्या बाळांत कमीच दिसला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जन्मताच ही पद्धत सुरू करण्याची शिफारस केली.

शिफारस आली म्हणून वॉर्ड बदलत नाही. मी शिक्षक आहे. परिपत्रक येते, फलक लागतो, रजिस्टर भरते आणि वर्ग होता तसाच राहतो, हे आम्ही रोज पाहतो. वर्षानुवर्षे 'बाहेर थांबा' म्हणणाऱ्या सिस्टरलाच आता बाळाबरोबर आईचे टाके आणि रक्तस्रावही पाहायचा आहे. तिला प्रशिक्षण आणि जोडीला माणसे न देता नुसता हुकूम काढला, तर तो भिंतीवरच राहील. आधी दोन-चार खाटांपासून सुरुवात करावी. अडचणी सिस्टरांनाच विचाराव्यात. बाळ छातीशी किती तास राहिले आणि जंतुसंसर्ग किती झाले, याची रोज नोंद ठेवून चुका दुरुस्त कराव्यात.

आणि खाटेभोवती पडदा लावावा. आमच्या बायका संकोचतात म्हणून त्यांना अडाणी ठरवू नये. पडदा, समोरून उघडणारा गाऊन आणि जवळ स्वच्छतागृह एवढे दिले तर त्या तासन्‌तास बसतील. सिझेरियनमुळे आई उठू शकत नसेल, तर नानी-दादी किंवा बापही बाळाला छातीशी घेऊ शकतो. 'चाळीस दिवस हलायचे नाही' म्हणणाऱ्या घरच्यांनीही हे समजून घ्यावे.

दारावर अडवले तर भांडू नका. अदबीने एवढेच विचारा, "सिस्टर, बाळाला छातीशी कधी घेता येईल?" रोज विचारा.